कल्पेशची मुलाखत कुणी दिली?

माझं नोकरीतलं आयुष्य लोकांना "कळवतो" म्हणण्यात गेलं. सुरतेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी माणसं निवडायच्या खात्यात होते. आमची कंपनी कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठल्या गोदामात किती ताके पडले आहेत, कुणाचं बिल निघालं, कुठल्या साड्या परत आल्या, हे दुकानदाराला गादीवर बसल्या बसल्या पडद्यावर दिसावं, असं ते काम. मी स्वतः प्रोग्रामची एक ओळही कधी लिहिली नाही. पण तो लिहिणारी, तपासणारी, विकणारी बहुतेक माणसं माझ्या टेबलासमोरून आत गेली. जी आत गेली नाहीत, ती अर्थात कितीतरी जास्त.

निवृत्त झाल्यापासून नात्यातली मुलं विचारतात, "आत्या, मुलाखतीत नक्की बघतात तरी काय?" त्यांना वाटतं, एखादी किल्ली असेल आणि ती मी पदराला बांधून घरी आणली असेल. बाहेरच्या माणसाला मुलाखत म्हटलं की एक खोली आणि टेबलापलीकडे तीन गंभीर चेहरे दिसतात. प्रत्यक्षात ती एकामागे एक लावलेल्या चाळण्यांची रांग असते. पहिली चाळणी कॉम्प्युटरचीच. त्याला जे शब्द आणि जेवढा अनुभव शोधायला सांगितलेला असतो तो अर्जात दिसला नाही, तर अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. जे पोचतात त्यांना मी फोन करायची. बोलण्यात बरी वाटली की लेखी परीक्षा. मग तांत्रिक मुलाखत, ज्यात त्या कामातला जाणता माणूस प्रश्न विचारतो. मग मॅनेजर. आणि शेवटी पुन्हा मी, पगाराचं आणि रुजू व्हायचं बोलायला. टाळेबंदीनंतर यातलं बरंचसं कॅमेऱ्यावर, ज्याच्या त्याच्या घरून होऊ लागलं.

गमतीदार माणसं खूप भेटली. कापड बाजारातल्या एका दलालाचा मुलगा आला होता. मी पगाराचा आकडा सांगितला, तर तो खुर्ची पुढे ओढून अगदी गंभीरपणे म्हणाला, "बेन, आता छेल्लो भाव बोलो." शेवटचा भाव काय तो सांगा! त्याला मी घेतलं, विक्री खात्यात, आणि तो तिथे अजून आहे. दुसऱ्या एकाचं सगळं घर खाली गाडीत घारी या सुरती मिठाईचा डबा घेऊन बसलं होतं. निवड झाली की लगेच तोंड गोड करायला. निवड काही झाली नाही. जाताना त्याची आई वर आली आणि डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "घरी परत नेला तर सगळे विचारतील. तुम्हीच खा." आम्ही खाल्ली.

पण माझ्या मनातून जात नाही ती एक मुलाखत. तिच्यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत, आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

आम्हाला एक टेस्टर हवा होता. टेस्टर म्हणजे काय, तर तयार झालेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती पडायच्या आधी मोडून बघणारा माणूस. प्रोग्राम लिहिणारा स्वतःच्या कामाच्या प्रेमात असतो. त्या कामावर प्रेम नसलेलं कुणीतरी लागतं. दुकानातला नवशिका कारकून काय काय चुका करेल, घाईत कुठलं बटण दोनदा दाबेल, हे आधी सुचणं हाच टेस्टरचा गुण.

कल्पेशचा अर्ज चाळणीतून नीट आला. सुरतेतल्याच गोडादऱ्यात राहणारा, नुकताच बी.सी.ए. झालेला. वडील यंत्रमागावरचे निवृत्त कामगार, मूळ खानदेशातले. मीही खानदेशातली, गोडादऱ्यातच लहानाची मोठी झालेली. अर्जावर तो पत्ता दिसला की माझा हात जरासा थांबायचा, हे नाकारत नाही. पण त्यापुढे मी कुणाला काही दिलं नाही. फोनवर तो मोजकं, घाबरत बोलला. लेखी परीक्षा घरूनच द्यायची होती. त्यात त्याला उत्तम गुण मिळाले.

तांत्रिक मुलाखत हार्दिकभाईंनी घेतली. हार्दिकभाई आमच्या तपासणी खात्याचे प्रमुख. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, कामाला अगदी पक्के आणि बोलायला फटकळ. मी अशा मुलाखतींना बाजूला बसून नोंदी करायची. पडद्यावर कल्पेश दिसत होता. मागे निळी भिंत, तिच्यावर देवाची तसबीर, आणि इस्त्रीच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

हार्दिकभाईंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला. "बिलाच्या पडद्यावर सूट भरायचा एक रकाना आहे. तो तू कसा तपासशील?"

बहुतेक मुलं इथे पुस्तकातल्या व्याख्या सांगतात. कल्पेश जरा थांबला आणि बोलू लागला. सूट शंभर टक्क्यांहून जास्त टाकून बघेन. उणे आकडा टाकेन. आकड्याच्या जागी अक्षर टाकेन. दोन कारकुनांनी एकच बिल एकाच वेळी उघडलं आणि दोघांनी वेगवेगळी सूट भरली तर कुणाची राहते ते बघेन. बिल साठवता साठवता लाइट गेली तर अर्धं बिल उरतं का, तेही बघेन.

हार्दिकभाईंनी आमच्या बाजूचा माइक बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनंदाबेन, आ छोकरो सरस छे."

मुलगा सरस होता खरा. पण प्रत्येक उत्तराआधी तो तेवढाच थांबत होता, आणि थांबताना त्याची मान किंचित डावीकडे कलत होती. विचार करणाऱ्या माणसाचे डोळे वर जातात, खाली जातात, कुठेही जातात. याची मान दर वेळी एकाच बाजूला जात होती. हार्दिकभाईंनी माइक सुरू करून पुढचा प्रश्न विचारला. कल्पेश उत्तर देताना कुठेतरी अडखळला, आणि तेवढ्यात एक अगदी हलकी कुजबुज ऐकू आली.

"आसं नही. पहिले रिकामं सोडीसन पाह्य."

असं नाही, आधी रिकामं सोडून बघ. हार्दिकभाईंना ती नुसती खरखर वाटली असावी. मला कशी वाटेल? ती माझ्या आईची भाषा होती, अहिराणी. बाईचा आवाज होता, दबका, पण किंचित वैतागलेला. अभ्यास घेताना मूल सोपं गणित चुकलं की होतो तसा.

मी माइक जवळ ओढला आणि शांतपणे विचारलं, "कल्पेश, तुन्हा मांगे कोन शे?"

"कोनी नही, मॅडम," तो म्हणाला. अहिराणीतच. आपण कुठल्या भाषेत उत्तर दिलं हे त्याच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा उतरला, आणि पडदा काळा झाला.

मी हार्दिकभाईंना काय झालं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. एकाच्या जागी दुसऱ्यानेच मुलाखत द्यायची हा प्रकार तोवर सगळीकडे सुरू झाला होता. कुणी ओठ हलवतं, दुसरा बोलतो. कुणी कानात यंत्र घालून बसतं. नियम साफ होता. असा उमेदवार सापडला की त्याचं नाव कायमचं बाद. मी तशी नोंद केली. हार्दिकभाई पुढच्या मुलाखतीकडे वळले.

मी मात्र वळू शकले नाही. तो प्रकार पकडल्याचा मला अभिमान वाटायला हवा होता आणि थोडा वाटलाही. पण संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. हार्दिकभाईंनी महिनाभरात ज्या एकाच माणसाला सरस म्हटलं होतं, तो माणूस आम्ही पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कल्पेशला फोन केला. माझा आवाज ऐकताच तो रडवेला झाला. "मॅडम, पोलिसात देणार का?"

"कोण पोलिसात देतंय? एवढंच सांग, मागे कोण होतं?"

त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "वहिनी." आणि एकदा ते तोंडातून निघाल्यावर बाकीचं धडाधड बाहेर आलं. त्याला हा विषय जमतच नव्हता. त्याला चित्रं काढायला आवडायची, कपड्यांवरच्या भरतकामाची डिझाइन करायला आवडायची. पण आबांना, म्हणजे वडिलांना, मुलगा काचेच्या इमारतीत एसीमध्ये बसलेला बघायचा होता. बी.सी.ए.चा सगळा अभ्यास वहिनीनेच त्याच्याकडून करून घेतला होता. ही मुलाखत हातची जाऊ नये म्हणून त्यानेच तिला गळ घातली होती.

"वहिनींना फोन दे," मी म्हटलं.

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मी जे सुनवायचं ठरवलं होतं ते सुनावलं. हे खोटेपण आहे, मुलाचं नाव कायमचं बाद झालं, आणि तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने हे करावं याचं आश्चर्य वाटतं, वगैरे. मी फोन ठेवणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"ते शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं का?"

राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "तुम्ही किती शिकलात?"

तिचं नाव जयश्री. धुळ्यात एम.सी.ए. केलेलं. नाशिकला एका कंपनीत टेस्टर म्हणून लागली होती, काम आवडत होतं, तोच लग्न ठरलं. नवरा नितीन सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्यात देखरेखीला. मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण, मग सासूबाई गेल्या. आता मुलगी शाळेत जात होती. मी म्हटलं, "मग तुम्ही स्वतः अर्ज का करत नाही?"

"केला होता ना," ती म्हणाली. "तुमच्याच कंपनीत. दोनदा. काही उत्तरच आलं नाही."

मी संगणकात शोधलं. अर्ज होते, दोन्ही. पहिल्याच चाळणीत गळलेले. मध्ये इतकी वर्षं नोकरी नाही असं दिसलं की तो अर्ज बाजूला टाकायचा, हे त्या चाळणीला वरून शिकवलेलं होतं. कुणाही माणसाने तिचं नाव वाचलेलं नव्हतं.

मी हार्दिकभाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सुनंदाबेन, चोरी करणारा बाद आणि चोरीला शिडी धरणारी आत? हे कसं चालेल?"

"उत्तरं तिची होती, हार्दिकभाई. तुम्हीच सरस म्हणालात."

"उत्तरं सरसच होती. पण टेस्टरचं काम काय असतं? माझ्यापुढे येऊन सांगायचं की हे बिघडलंय, हे चालत नाही. मालक घाई करतो, प्रोग्रामवाला चिडतो, तरी खरं तेच सांगायचं. जी बाई घरच्यासाठी खोटं वागली, ती उद्या आमच्या कुणासाठी 'सगळं ठीक आहे' म्हणून सही करणार नाही कशावरून?"

आजही वाटतं, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "हे तुम्ही तिलाच विचारा."

ते पेन हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बोलवा. कॅमेऱ्यावर नाही. इथे, समोर."

जयश्री आली ती ठरल्या वेळेच्या बरीच आधी. सडपातळ, सावळी, साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, घरी सांगून आलात ना? "ह्यांना सांगितलंय," ती म्हणाली. "ते म्हणाले, जाऊन ये. आबांना अजून नाही सांगितलं."

मुलाखत काही झकास झाली असं मी म्हणणार नाही. हार्दिकभाईंनी तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला, एक पडदा उघडून दिला आणि यात काय काय बिघडलंय ते शोधायला सांगितलं. कीबोर्डवर तिची बटणं चुकत होती. पडद्यामागे राहून बोलताना ती जितकी सफाईदार होती, तितकी समोर बसून नव्हती. काही चुका तिने पटापट काढल्या, काही तिच्या नजरेतून सुटल्या. मग हार्दिकभाई अलीकडच्या साधनांबद्दल विचारू लागले, आणि ती एकामागून एक सांगत गेली, "हे मला माहीत नाही." "हे ऐकलंय, वापरलं नाही." "हेही माहीत नाही, सर." मला तिथे बसवेना. वाटलं, बोलावून चूक केली. बाईला आपल्याला येतं हा एक आधार होता, तोही आम्ही काढून घेतला.

शेवटी हार्दिकभाईंनी लॅपटॉप मिटला. "एक विचारतो. त्या दिवशी तुम्ही मागे बसून आम्हाला फसवत होतात. इथे तुम्ही मला खरं सांगाल यावर मी विश्वास का ठेवू?"

तिने मान वर केली.

"सर, ते चुकलंच. त्याला मी दुसरं नाव देणार नाही. पण त्या दिवशी मी एकदाही 'माहीत नाही' म्हटलं नाही. येत नव्हतं तिथेही कल्पेशला काहीतरी सांगितलं, नाहीतर त्याचं नुकसान झालं असतं. आज किती वेळा 'माहीत नाही' म्हटलं ते तुम्ही लिहून घेतलंय. मला ही नोकरी हवी आहे, तरी म्हटलं."

हार्दिकभाईंनी नकळत हातातल्या कागदाकडे पाहिलं. "मग त्या दिवशी तसं का केलंत?"

"दीर आहे. घरातलं सगळं त्याच्या नोकरीपाशी अडलंय. तो हात जोडून बसला, नाही म्हणवलं नाही." मग हळूच म्हणाली, "आणि खरं सांगायचं तर, मलाही बघायचं होतं. मला अजून येतं का."

ती गेल्यावर हार्दिकभाईंनी नोंदींचा कागद फाइलला लावला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अर्धं विसरलीये. पण विसरलंय हे तिला ठाऊक आहे. त्या पोराचं नाव बादच राहील. हिला शिकाऊ म्हणून घेऊ, सहा महिने बघू."

ते सहा महिने तिला बघणार होतो आम्ही, पण पहिले पंधरा दिवस तिची खरी परीक्षा झाली ती घरी. ती तिथलं काही सांगायची नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना एकदा एवढंच म्हणाली, "आबा बोलत नाहीत माझ्याशी. त्यांना वाटतं, मी कल्पेशची जागा घेतली." कल्पेश मात्र खूश होता म्हणे. इतका खूश, की तेही आबांना खुपत होतं.

आणि मग एका दुपारी रिसेप्शनवरून फोन आला, "कोई काका आव्या छे. तुम्हालाच भेटायचं म्हणतात."

मी बाहेर गेले. सोफ्याच्या अगदी कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, मांडीवर हातांची घडी. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसांचा आवाज जरा मोठा असतो, कारण कारखान्यात कुणाला काही ऐकू येत नाही. त्यांनी तशाच मोठ्या आवाजात, पण फार आदबीने, गुजरातीत सांगितलं की ते जयश्रीचे सासरे. मी अहिराणीत म्हटलं, "आबा, बठा ना. चहा लेशात?" तेव्हा त्यांच्या खांद्यातला ताठपणा जरा गेला. माझं गाव कोणतं, कुळ कोणतं, हे विचारून झालं. मग ते मूळ मुद्द्यावर आले.

"ताई, आमना घरले एक जागा भेटनी, बरं व्हयनं. पन सूनना जागे मन्हा पोऱ्याले बसाडा."

सुनेच्या जागी माझ्या मुलाला बसवा. मला आधी हसू आलं, आणि ते मी दाबलं हे बरं झालं. कारण त्यांनी पुढे जे सांगितलं ते समजून घेण्यासारखं होतं. त्यांच्या कारखान्यात कुणी आजारी पडला, कुणाला गावी जायचं झालं, की तो आपला भाऊ, आपला पोरगा मागावर उभा करून जायचा. शेठ कधी विचारत नसे की हा कोण. माग चालू राहिला पाहिजे, कापड निघालं पाहिजे, एवढंच त्याला हवं असे. जागा घरातल्या घरात राहायची. ते स्वतः अशाच एका चुलतभावाच्या जागी पहिल्यांदा उभे राहिले होते, आणि मग तिथेच राहिले. त्यांच्या दृष्टीने कल्पेशच्या मुलाखतीत वहिनीने बोलणं आणि वहिनीच्या जागी आता कल्पेशने बसणं, यात वावगं काही नव्हतंच. घराने मिळून एक जागा मिळवली होती. ती कुणी चालवायची हे घराने ठरवायचं.

मी त्यांना समजावलं. इथे माग नाही, आबा. इथे प्रत्येकाच्या डोक्यात जे आहे त्यालाच जागा असते, ते दुसऱ्याच्या डोक्यात घालता येत नाही. त्यांनी ऐकलं, पण पटलं नाही. ते म्हणाले, पोऱ्या शिकलेला आहे, तोही शिकेल. मी विचारलं, "आबा, पोऱ्याले इचारं का, त्याले काय करनं शे?"

त्यांनी चहाचा कप पुन्हा उचलला. हा प्रश्न त्यांच्यासमोर कधी आलाच नव्हता. त्यांना तरी कुणी विचारला होता?

चहा संपला. उठता उठता ते म्हणाले, "ती बठस ती जागा दखाडशात का?" ती बसते ती जागा दाखवाल का?

बाहेरच्या माणसाला आत नेता येत नसे, पण बैठकीच्या खोलीला काचेची भिंत होती आणि तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेतून आतलं दिसायचं. मी त्यांना तिथवर नेलं. आत हार्दिकभाई, प्रोग्राम लिहिणारी दोन मुलं, आणि जयश्री. ती उभी होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे हात करून काहीतरी सांगत होती. आवाज बाहेर येत नव्हता. एक मुलगा मध्येच काही म्हणाला. तिने जोरात मान हलवली, बोट उगारलं, पुढे जाऊन पडद्यावर एक जागा दाखवली आणि पुन्हा सांगू लागली. हार्दिकभाई काहीतरी बोलले, बहुधा विरोधातच. ती त्यांनाही थांबवून बोलली. मग सगळेच हसले, तीही हसली, आणि तो मुलगा हार मानून कागदावर लिहून घेऊ लागला.

आबा काचेपासून जरा लांबच उभे होते. दोन्ही हात मागे बांधलेले.

"ही इतलं बोलस?" त्यांनी विचारलं. अर्ध्या तासाच्या ओळखीत पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज हळू झालेला ऐकला.

"बोलते तर. आमच्या साहेबालाही ऐकवते."

"घरमा त एक शब्द नही." ते अजून आत बघत होते. "माले वाटे, तिना सोभावच तसा शे."

आम्ही आणखी थोडा वेळ उभे राहिलो. आत जयश्री बसली आणि दुसरा कुणी बोलायला उठला, तेव्हा आबांनी टोपी सारखी केली. लिफ्टपाशी आल्यावर ते म्हणाले, "तिले सांगू नका, मी उनथू ते." ते आले होते हे तिला सांगणार नाही, म्हणून मी मान डोलावली. जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. तसं सांगायची गरजही पडली नाही. आठ-दहा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या समोर येऊन बसली. डबा उघडला, पण घास घेतला नाही. आधी कल्पेशचं सांगितलं. आबांनी त्याला स्वतःहून विचारलं होतं म्हणे, तुला काय करायचंय. तो दोन दिवस टाळत होता, आणि मग धीर करून त्याने मोबाइलमधली आपली भरतकामाची डिझाइन आबांपुढे धरली. आबा कापडातलेच. त्यांनी चष्मा लावून एकेक पाहिलं आणि एका फुलाची पाकळी धाग्याला ओढ बसून आकसेल म्हणून चूक काढली. कल्पेश आता रिंग रोडकडे एका डिझाइनवाल्याकडे कामाला जाणार होता. कॉम्प्युटरवर भरतकामाची नक्षी आखायची आणि ती यंत्राला द्यायची, असं काम. एसी होता की नाही हे तिने सांगितलं नाही.

"आणि मॅडम," ती म्हणाली, आणि थांबली. मी वाट बघत राहिले. मुलाखतींनी मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण समोरचा थांबला की आपण मध्ये बोलायचं नाही, एवढं शिकवलं आहे.

"काल रात्री मी वाढत होते. आबा म्हणाले, नितीन, तू वाढ. तिला बसू दे. मला वाटलं आता काहीतरी कडक बोलणार. तर म्हणाले, 'जयश्री, तू हापिसमा नेमकं काय करस?'"

"मग?"

"मग म्हटलं, समजा आबा, दुकानात एक बिल बनतंय. तिथून सुरू केलं. मग लाइट गेली तर काय, तिथे आले. आबांनी विचारलं, अर्धं कापड मागावर असताना लाइट जायची तेव्हा आम्ही असं असं करायचो, तसं का? मी म्हटलं, हो, अगदी तसंच. मग आणखी विचारलं. मुलगीही ऐकत बसली. मी बोलतच राहिले, मॅडम. सगळ्यांच्या पानातलं वरण गार झालं. कुणी उठलं नाही."